पडदा घासावा की बदलावा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आज मी एका अगदी छोट्या वस्तूबद्दल बोलणार आहे. रुंदी दोन-अडीच मिलिमीटर, उंची मिलिमीटरभर आणि लांबी फार तर दोन इंच. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांना फ्रेट म्हणतात. आपल्या सतारीवर हेच काम करणाऱ्या वस्तूला पडदा म्हणतात. जुन्या ग्रंथांत तिला सारिका असे नाव आहे, आणि काही जुने वादक सुंदरी असेही म्हणत. तार पडद्यावर दाबली की तिची कंप पावणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. पडद्याचे काम एवढेच. पण ते करता करता पडदा झिजतो, आणि मग वाद्याच्या मालकापुढे प्रश्न उभा राहतो. आहे तो पडदा घासून पुन्हा वापरायचा, की उपटून नवा बसवायचा?

हा प्रश्न माझ्या घरात आला तो थोरल्या भावाच्या गिटारमुळे. आमच्या वर्ध्यात १९८० च्या दशकात गणेशोत्सवात आणि शारदोत्सवात ऑर्केस्ट्राची फार हौस होती. दादा अशाच एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवत असे. तो २०११ साली गेला. गिटार कपाटावर राहिली. आता त्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, ती वाजवू लागली आहे. दुसऱ्या तारेवर, पहिल्या फ्रेटपाशी बोट ठेवले की तार खरखरते. उजेडात धरून पाहिले तर तिथे तारेच्या जाडीचा चर पडलेला दिसतो. नवशिका वादक सगळ्यात आधी जे दोन-तीन कॉर्ड शिकतो आणि ऑर्केस्ट्रावाला रात्रभर जे वाजवतो, त्यांत याच जागी बोट असते. चर दादाच्या बोटांनी पडलेला होता. पुतणीने विचारले, "काका, हे फ्रेट काढून टाकले तर बाबांचं काही उरेल का यात?" प्रश्न नुसता दुरुस्तीचा राहिला नाही. म्हणून मी थोडे मागे जाऊन पाहिले, की आपल्या लोकांनी झिजलेल्या पडद्याचे आजवर काय केले.

आपल्याकडे हा विषय जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, सिंघण राजाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याचे घराणे मूळ काश्मीरचे, पण 'संगीतरत्नाकर' हा त्याचा ग्रंथ आपल्या देवगिरीत तयार झाला. त्यात किन्नरी वीणेचे वर्णन आहे. तिच्या दांडीवर गिधाडाच्या हाडाचे किंवा धातूचे पडदे मेणाच्या साहाय्याने बसवत. मेण हा शब्द लक्षात ठेवा. मेणात बसवलेली वस्तू ऊब देऊन सोडवता येते. हाड झिजले, तडकले, सूर हलला, तर तेवढे काढावे आणि दुसरे लावावे. दांडीला धक्का लागत नाही. दक्षिणेकडील सरस्वती वीणेवर आजही पितळेचे चोवीस पडदे मेणाच्या थरात बसवलेले असतात. काही वर्षांनी मेण कमकुवत झाले की जाणता कारागीर जुना थर काढतो, नवा चढवतो आणि एकेक पडदा कानाने सूर पाहत पुन्हा बसवतो. दांडी आणि भोपळा तेच राहतात.

दुसरी रीत दोऱ्याची. ती पाहायची तर मिरजेला जावे. आमच्या वर्ध्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघालात तर गाडी न बदलता मिरजेला उतरता येते. तिथल्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ही कला तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रुजली. फरीदसाहेब सितारमेकर हे तिचे आद्य नाव. हे लोक मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई देणारे. इंग्रजी अंमल बसला, संस्थानांच्या फौजा आटल्या, हत्यारांचे काम गेले. तेव्हा धातू घासणारे हे हात वाद्यांकडे वळले. मला यात एक संगती दिसते. तलवारीला धार लावणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. प्रत्येक धारेबरोबर थोडे पोलाद कायमचे जाते. पाते आणखी किती वेळा दगडावर धरता येईल, याचा अंदाज हीच त्याची विद्या. पडदा घासणाऱ्यालाही नेमकी तीच विद्या लागते.

सतारीचे पडदे पितळेचे किंवा जर्मन सिल्व्हरचे, कमानीसारखे वाकवलेले असतात. ते दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात. रागाप्रमाणे कोमल किंवा तीव्र सूर हवा असेल, तर वादक पडदा बोटाने वर-खाली सरकवतो. सतारीत मींड घेताना तार आडवी खेचतात, त्यामुळे पडद्यावर चर पडतातच. मग कारागीर दोरा कापतो, पडदा सोडवतो, कानशीने चर घालवतो, झिलई करतो आणि पुन्हा बांधतो. फार झिजला असेल तर तेवढा एक नवा करतो. एकोणीस-वीस पडद्यांपैकी तीन बदलले म्हणून कोणी म्हणत नाही, की ही गुरुजींची सतार राहिली नाही.

पाश्चात्त्य देशांतही पूर्वी असेच होते. ल्यूट नावाच्या त्यांच्या जुन्या वाद्याला आतड्याच्या तातीचे फ्रेट गाठ मारून बांधत. गिटारवर पुढे धातूचे कायम फ्रेट आले. दांडीत आडवी खाच पाडून त्यात धातूची पट्टी ठोकायची, ही तिसरी रीत. विसाव्या शतकात या पट्टीचा छेद इंग्रजी टी अक्षरासारखा झाला. वर गोलसर डोके, खाली खाचेत जाणारी पातळ कड, आणि कडेला लाकडात रुतणारे बारीक दाते. अमेरिकेतल्या मार्टिन या नामांकित कंपनीने जुन्या सपाट पट्ट्या सोडून असे फ्रेट १९३४ साली घेतले. धातू बहुधा जर्मन सिल्व्हर. आपल्या घरात या नावाची भांडी असत. नावात चांदी असली तरी त्यात चांदी मुळीच नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. गिटारची तार पोलादाची, म्हणून दोघांच्या घर्षणात फ्रेट आधी झिजतो. तार स्वस्त आणि फ्रेट महाग, तरी झिजतो फ्रेट. अलीकडे स्टेनलेस स्टीलचे फ्रेट मिळू लागले आहेत. ते फार टिकतात, पण कापायला आणि घासायला कठीण, म्हणून मजुरी अधिक.

इथे इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासातली एक गंमत सांगतो. बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार म्हणून जिचे नाव घेतात, ती अमेरिकेत १९३२ साली रिकनबॅकर कंपनीने विकायला काढली. आकारावरून लोक तिला तळण्याचा तवा म्हणत. ती होती हवाईयन गिटार. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारेवरून पोलादाची कांडी फिरवायची. तार फ्रेटला टेकतच नाही. फ्रेट नुसत्या खुणा म्हणून असतात, त्यामुळे झिजण्याचा प्रश्नच नाही. आपल्याकडेही व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या गिटारवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या घरोघर ऐकल्या जात, त्या याच जातीच्या वादनाच्या. पुढे राहुलदेव बर्मन यांच्या काळात उभी धरून वाजवायची स्पॅनिश गिटार पुढे आली. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) मधल्या गाजलेल्या गाण्यातली गिटार भूपिंदर सिंग यांची. ती ऐकून गावोगावच्या पोरांनी ऑर्केस्ट्रे काढले आणि बोटे फ्रेटवर दाबू लागली. फ्रेट झिजण्याचा प्रश्न छोट्या गावांत पोहोचला तो असा.

आता प्रत्यक्ष निर्णयाकडे येऊ. फ्रेटवर चर पडला की दोन गोष्टी होतात. बोट दाबल्यावर तार चरात खाली बसते आणि पुढच्या, न झिजलेल्या फ्रेटला घासून खरखरते. शिवाय गोल डोके सपाट झाले की तार नेमक्या रेषेवर न टेकता पसरट जागी टेकते आणि सूर किंचित हलतो. उपाय तीन आहेत. पहिला घासण्याचा. सरळ पट्टीवर पॉलिश पेपर लावून सगळे फ्रेट एका पातळीत आणायचे, मग खास कानशीने प्रत्येकाला पुन्हा गोलाई द्यायची. दुसरा, जास्त झिजलेले पहिले पाच-सात फ्रेट तेवढे बदलायचे. तिसरा, सगळे बदलायचे.

घासणे स्वस्त आणि लवकर होणारे. पण त्यातला हिशेब नीट पाहा. एका फ्रेटवर पाव मिलिमीटरचा चर असेल, तर तो घालवण्यासाठी उरलेल्या सगळ्या फ्रेटनाही जवळपास तितकेच खाली यावे लागते. एकाने केलेल्या खर्चाची भरपाई बावीस जण करतात. नवा फ्रेट मिलिमीटरभर किंवा किंचित जास्त उंच असतो. असे दोनदा-तीनदा घासले की डोके इतके खुजे होते, की बोट लाकडाला टेकते आणि तार नीट धरताच येत नाही. अर्धे फ्रेट बदलण्यातही मेख आहे. नवे फ्रेट उंच, जुने खुजे. म्हणजे नव्यांना घासून जुन्यांच्या पातळीला आणावे लागते. जुन्यांत पुरेशी उंची शिल्लक असेल तरच त्याला अर्थ आहे.

सगळे बदलण्यात धोका लाकडाचा. ठोकलेला फ्रेट उपटताना दात्यांबरोबर लाकडाचे कपचे निघू शकतात. म्हणून कारागीर आधी सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने फ्रेट गरम करतो आणि मग घासून सपाट केलेल्या पकडीने तो हळूहळू उचलतो. शिसवीसारख्या काळपट लाकडाची पट्टी असेल तर काम सोपे. पांढऱ्या मेपल लाकडावर लाखेचा किंवा रंगाचा थर असेल, तर तो थरही पुन्हा द्यावा लागतो आणि खर्च वाढतो. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने १९५० साली गिटारची मान चार स्क्रूंनी जोडायला सुरुवात केली. मान खराब झाली की सबंध मानच बदलता यावी, हाही त्यामागचा विचार होता. मेणाने जो मोकळेपणा दिला होता, तो त्याने स्क्रूने दिला असे म्हणायला हरकत नाही.

आमच्या विदर्भापुरती एक सूचना. मे महिन्यात असला निर्णय घेऊ नये. वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत होते. लाकूड आक्रसते, पण धातू आक्रसत नाही. मग फ्रेटची टोके कडेला बाहेर येऊन तळव्याला टोचतात. मानेचा बाकही बदलतो आणि तार नको तिथे खरखरते. त्यात रात्री कूलरची ओली हवा, दुपारी पुन्हा कोरडी. वाद्याचे हाल होतात. लोकांना वाटते फ्रेट गेले. प्रत्यक्षात मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, तिचा नट पाव फेरा फिरवला की अनेकदा काम भागते. म्हणून आधी मान तपासावी, मग तारा नव्या घालाव्यात आणि शेवटी फ्रेटकडे पाहावे. तोही पावसाळा सरून हवा स्थिरावल्यावर.

दुरुस्ती कुठवर करावी, हा प्रश्न आमच्या गावाला नवा नाही. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा दीडशे रुपयांच्या आत मिळावा, किमान वीस वर्षे चालावा आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च त्याच्या किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. सगळ्या अटी पुऱ्या करणारे यंत्र मिळाले नाही आणि बक्षीस कोणालाच गेले नाही. पण अटींमागची दृष्टी पाहा. काही भाग झिजणार हे गृहीत धरलेले आहे. दुरुस्ती हा वस्तूच्या आयुष्याचाच भाग मानून तिची मर्यादा आकड्यात सांगितली आहे. ज्यांच्या घरी चरखा होता त्यांना हे अनुभवाने माहीत असेल. माळ तुटली की नवी घालतात. चाती वाकली की ठोकून सरळ करतात, पण वारंवार वाकू लागली की तीही बदलतात. चाक मात्र वर्षानुवर्षे तेच राहते.

पुढे १९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे काम चाले आणि जे. सी. कुमारप्पा ते पाहत. तिथले मगन संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडले. कुमारप्पांच्या अर्थविचारात एक साधा भेद आहे. कोळसा, खनिज तेल यांसारख्या साठ्यातून घेतले की तो साठा कमी होतो. जे पुन्हा पुन्हा निपजते त्यातून घेतले तर चालू राहते. फ्रेटवरचा मिलिमीटरभर धातू हा असा साठा आहे. घासणे म्हणजे दुरुस्ती खरी, पण ती त्या साठ्यातून केलेली उचल आहे. खाते पाहिल्याशिवाय उचल करू नये, आणि खाते संपल्यावर उगाच कानस चालवू नये.

म्हणून मी मोजमाप केले. दादाने ही गिटार दोनदा घासून घेतलेली होती, हे मला माहीत होते. व्हर्नियर कॅलिपर लावून पाहिले, तर बहुतेक फ्रेटची उंची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उरली होती आणि पहिल्या फ्रेटवरचा चर पाव मिलिमीटरचा होता. आणखी एकदा घासले असते तर फ्रेट जवळपास लाकडाला मिळाले असते. अर्धे बदलण्यातही अर्थ नव्हता. पट्टी शिसवी जातीची, मान सरळ, लाकूड निरोगी. आकड्यांनी उत्तर दिले होते. सगळे फ्रेट बदलायचे.

राहिला पुतणीचा प्रश्न. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांचा मोठा संग्रह आहे. तिथल्या वाद्याचा झिजलेला पडदा कोणी बदलू नये, कारण ते आता पाहण्यासाठी आहे. कोणाची बोटे कुठे पडत हे त्या झिजेवरून अभ्यासकाला वाचता येते. पण जे वाद्य उद्या वाजणार आहे, त्याला हा नियम लागत नाही. मी तिला एवढेच सांगितले, "हे चर बाबांनी मुद्दाम केले नव्हते गं. ते गाणी वाजवत होते, चर आपोआप पडले." तिने थोडा विचार केला आणि पहिल्या तीन फ्रेटचे जवळून फोटो काढून घेतले. मग आम्ही दोघे गिटार घेऊन नागपूरला एका कारागिराकडे गेलो. त्याने एकही कपचा न उडवता बावीस फ्रेट काढले. तार आता खरखरत नाही. चार-दोन वर्षांत नव्या फ्रेटवर तिच्या बोटांचे चर पडतील. ते कुठे पडतील हे तिला कोणती गाणी आवडतात त्यावर ठरेल.

आपल्या घरीही एखादी सतार, दिलरुबा किंवा गिटार कपाटावर असेल, तर ती या दिवाळीत खाली काढा. आधी लाकूड पाहा, मान सरळ आहे का ते पाहा, मग पडद्याची उंची मोजा. धातू शिल्लक असेल तर खुशाल घासून घ्या, आणि नसेल तर जीव न अडकवता बदला. कोणत्याही परिस्थितीत वाद्य वाजते ठेवा, एवढीच विनंती करून मी आपला निरोप घेतो.